लेपावरचे ठोके

पादचारी पुलाच्या जिन्यावर तिचा पाय सटकला. ती पडली नाही. कठडा हाताला लागला, पिशवी खांद्यावरून कोपरापर्यंत घसरून थांबली, आणि मागून येणारा माणूस "जपून हो बाई" म्हणत बाजूने निघून गेला. त्याच्यामागचेही गेले. काही झालं नव्हतं. तरी छाती धडधडत होती, आणि टाचेत, जिथून पाय निसटला तिथे, मुंग्या आल्यासारखं काहीतरी मागे उरलं होतं. ती कडेला सरकली आणि ज्या पायरीने दगा दिला ती पायरी बघत उभी राहिली. लोखंडी पत्र्याची पायरी. पाय घसरू नये म्हणून पत्र्यावर तिरप्या दाण्यांसारखे उंचवटे काढलेले असतात, ते दोन्ही कडांना कालच काढल्यासारखे टणटणीत होते. मधोमध मात्र, जिथे सगळ्यांचे पाय पडतात तिथे, दाणा म्हणून उरला नव्हता. नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा पत्रा तुळतुळीत झाला होता. तिचा धंदाच झिजेचा. धातूच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यापासून ती हेच करत आली: तुकडा तोलायचा, घासायचा, पुन्हा तोलायचा, जे कमी भरलं ती झीज. किती गेलं हे ती दशांशाच्या पार पलीकडे सांगू शकत असे. आज, जिन्यावर माणसांना अडथळा होऊन उभी असताना, तिच्या मनात आलं की गेलं ते कुठे गेलं, हे आपण कधी विचारलंच नाही. हे दाणे कुणाकुणाच्या तळव्यांना चिकटून घरी गेले असतील. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या पलंगाखाली. एक अख्खा जिना असा शहरभर पांगलेला. तिला हसू आलं, आणि हसू येत असताना छातीतली धडधड मात्र थांबेना, याचंच तिला नवल वाटलं.

प्रयोगशाळेत शिरताना लेसरवालीने तिच्याकडे निरखून पाहिलं. लेसरवाली म्हणजे तिची धाकटी सहकारी. पोलादाच्या दांड्यावर कठीण धातूची पूड टाकून ती लेसरने वितळवायची आणि दांड्यावर नवा थर चढवायची. कागदोपत्री त्याला क्लॅडिंग म्हणत, आपसांत सगळे लेप म्हणत. "ताई, चेहरा असा का? भूत बघितलंत का?" ती म्हणाली, "पायरी बघितली." लेसरवालीने मान डोलावली, जणू ते भुताहून वाईट. मग तिने टेबलावरच्या तीन बशांकडे बोट केलं आणि आवाज खाली आणला. "रात्रभर चाललेलं घासण थांबलंय. बघा तुम्हीच. मी तोंडाने सांगत नाही."

तीन बशांत तीन तुकडे होते. तिघांवरही एकाच दिवशी चढवलेला तोच लेप. हे तुकडे नदीतून शहराला पाणी खेचणाऱ्या पंपांच्या दांड्यांसाठीचे. गाळाचं पाणी तो दांडा असा खातं की बदलून बदलून पंपवाले मेटाकुटीला आले होते, आणि पंप बंद पडला की अर्ध्या शहराच्या तोट्या कोरड्या पडत. तिची सूचना अशी होती की लेप चढवून सोडून देऊ नये, त्यावर ठोके द्यावेत. वितळलेला लेप थंड होताना आवळतो. घाईत विणलेल्या स्वेटरसारखा तो आतून ताणलेला राहतो, जरा कुठे ओरखडा पडला की उसवायला टपलेला. वरून ठोकलं तर थर दाबला जाईल, ताण निवळेल, बारीक भोकं बुजतील. त्यासाठी एक हातोडा आणला होता. हातोडा म्हणायचं इतकंच. पेन्सिलीएवढी दांडी, टोकाला गोळी, आणि ती सेकंदाला हजारो वेळा थरथरायची. पहिला तुकडा नुसत्या लेपाचा, दुसऱ्यावर हातोडा एकदा फिरवलेला, तिसऱ्यावर तीनदा. हिशेब सरळ होता: जितके ठोके जास्त, तितकी झीज कमी. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा थोडा कमी झिजला होता, नाव घेण्याइतका नाही. आणि तिसरा, ज्याच्यावर तिचा सगळा भरवसा, तो तिघांत सर्वांत जास्त झिजला होता. तिने तो पुन्हा तोलला. काट्याने तेच सांगितलं. मग तिने काटा बरोबर आहे का ते तपासलं, म्हणजे काट्याला शब्द फिरवायची एक संधी दिली, आणि काटा शब्दाला जागला.

विभागप्रमुख वयाने तिच्याहून लहान होता आणि माणूस वाईट नव्हता, फक्त कुठल्याही वाक्याच्या शेवटी "पुढे काय?" म्हणायची त्याला खोड होती, त्यामुळे पाठीमागे त्याचं नाव पुढेकाय असंच पडलं होतं. तो आला, आकडे बघितले, चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे ठोकून वाटोळं झालं." "तिसऱ्याचं झालं," ती म्हणाली. "दुसऱ्याचंही काही सोनं झालेलं नाही, मॅडम. आपण आठवड्याअखेर पंपवाल्यांना कळवू की उपचाराने फायदा नाही, लेपच जाड करा. हातोडा दुसऱ्या विभागाला हवाच आहे. तुम्ही सही करून टाका. पुढे काय?" ती म्हणाली, "पुढे मला बघायचंय." "काय बघायचंय?" हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "सही मी आत्ता करणार नाही, सर." बोलून झाल्यावर आपलाच आवाज तिला जरा मोठा वाटला. लहानपणापासून तो तसाच होता, मोठा. तिच्या घरात हळू बोलणं कुणाला परवडलंच नव्हतं.

पुढेकाय गेल्यावर तिने नेहमीप्रमाणे घासणयंत्र पुसायला फडकं घेतलं. तीन तुकड्यांना तीन चकत्या, आणि प्रत्येकीभोवती काळसर भुकटी साचली होती. इतकी वर्षं ही भुकटी फडक्यात जायची आणि फडकं कचऱ्यात. फडकं पहिल्या चकतीला टेकणार तेवढ्यात हात थांबला. टाचेतल्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या. तिने फडकं बाजूला ठेवलं, एक मऊ ब्रश घेतला आणि तिन्ही तुकड्यांची भुकटी तीन काचांवर वेगवेगळी झाडून घेतली, इतकी हळू की लेसरवाली म्हणाली, "ताई, बाळाचं जावळ काढताय का?" पहिल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, धूळच धूळ, वाळूसारखे कण, मध्ये एखादा ओरबाडून निघालेला लांबट तुकडा. दुसरीवर तीच धूळ, जरा बारीक. तिसऱ्या काचेवर धूळ जवळजवळ नव्हतीच. खपल्या होत्या. पातळ, सपाट, कडा फाटलेल्या खपल्या. तिने सुईच्या टोकाने एक उलटली. वरची बाजू आरशासारखी लखलखीत, खालची खडबडीत, पाव मोडल्यावर आतून दिसतो तशी. दुसरी उलटली, तीही तशीच. हा धातू घासून गेला नव्हता. तो सुटून गेला होता, थराचा थर, कोपऱ्यातल्या ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा. ती कितीतरी वेळ डोळा न हलवता बघत राहिली, आणि त्या बघण्यात अपयश कुठच्या कुठे विरून गेलं. उरलं ते फक्त आतून हळूच टोचणारं कुतूहल, जे तिला फार पूर्वीपासून ओळखीचं होतं. लहान असताना खपली धरलेल्या गुडघ्याकडे ती असंच बघायची. आई हातावर चापट मारायची. वाक्य ऐकू यायचं नाही, चापट कळायची, कारण पलीकडच्या खोलीत वडिलांचा हातोडा चालू असायचा.

वडील तांब्याची भांडी घडवायचे. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टण्-टण्-टण्. भांडं पूर्ण घडून झाल्यावरही ते सोडत नसत. पालथं घालून त्याच्या अंगावर तळापासून काठापर्यंत बारीक बारीक ठोके देत जात, एकाला एक लागून, रांगेने. त्याला ते मठारणं म्हणायचे. त्या आवाजात घर ओरडून बोलायचं, नाहीतर हातवाऱ्यांनी. भूक लागली तर पोटावर हात, कुणी आलं तर दाराकडे हनुवटी, आणि रुसवा असला तर पाठ. शाळेतली शांतता तिला पहिले काही दिवस कानाला दडे बसल्यासारखी वाटली होती, आणि नंतर ती इतकी आवडली की शाळा सुटूच नये असं वाटे. पुस्तकं घेऊन ती वाचनालयात बसायची, तिथूनच पुढे शिकायला गेली, धातूंचंच शिकली, आणि तरीही त्या खोलीचा आणि या प्रयोगशाळेचा काही संबंध असेल हे तिच्या मनाला शिवलं नाही. वडील संध्याकाळी उठायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळीवर, मानेच्या घडीत तांब्याची पूड चमकायची. आई त्यांचा सदरा धुवायची तेव्हा पहिलं पाणी काळपट निघायचं. ती पूडही कुठेतरी गेलीच असेल. काही पाण्यातून, काही श्वासातून. आणि वडिलांचे कान गेले ते असेच, एकदम नाही, कणाकणाने. आधी आईच्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग दारावरची टिचकी, मग नातेवाइकांचे विनोद. आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले. तिचं लग्नाचं राहूनच गेलेलं. दोन खोल्या, दोन माणसं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये पूर्ण शांतता. त्या शांततेचं काय करायचं हे दोघांनाही उमगलं नव्हतं. ते टीव्ही आवाज बंद करून बघायचे, कारण चालू केला तरी तेच.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बाबा, भांडं घडून झाल्यावर परत का ठोकायचात?" त्यांनी हात कानामागे नेला. "काय खोकायचं?" "ठोकायचं! मठारायचं!" शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. वडिलांचा घास हातातच राहिला. हा शब्द या घरात कुणी उच्चारल्याला किती काळ झाला असेल कोण जाणे. ते तिच्याकडे संशयाने बघू लागले, जणू ती काहीतरी विकायला आली आहे. मग म्हणाले, "ठिपक्यांसाठी." "फक्त ठिपक्यांसाठी?" "ठिपके नसलेलं भांडं कोण घेतो? गुळगुळीत म्हणजे कारखान्यातलं वाटतं." ती जरा हिरमुसली. तिला वाटलं होतं काहीतरी निघेल. "पण त्याने भांडं घट्ट होतं ना?" "तसं माझा बाप म्हणायचा." "आणि तुम्हाला काय वाटायचं?" त्यांनी खांदे उडवले. "मी कुठं बघितलं? विकलेलं भांडं परत येतंय होय सांगायला."

तिला हे उत्तर फार आवडलं. तिने पुढे सरसावून विचारलं, "आणि थांबायचं कधी? बास झालं हे कसं कळायचं?" "आत्ता? कुठं जायचंय?" "जायचं नाही. थांबायचं!" तिने हवेत हातोडा मारला, मग तळवा आडवा करून थोपवला. "हां, थांबायचं. तुझी आई जेवायला बोलवायची तेव्हा." आणि ते हसले, दात नसलेल्या बाजूने. मग हसू ओसरल्यावर स्वतःच बोलू लागले, फार मोठ्या आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसं. फुटायचंही कधी कधी. जास्त झालं की काठाशी चीर पडायची, केसासारखी. एकाच जागी रेंगाळलं की हमखास. तशी भांडी विकता यायची नाहीत, मग आई त्यांत झाडं लावायची. "मागच्या दारी रांग होती बघ कुंड्यांची. लोक म्हणायचे केवढी हौस." तिला ती रांग आठवली. तांब्याच्या कुंड्या म्हणून शाळेतल्या मैत्रिणींना ती मिरवून दाखवायची. त्या सगळ्या वडिलांच्या चुका होत्या, फुलं आलेल्या, आणि आईने हे कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते पुन्हा ताटाकडे वळले होते. तू का विचारतेस, असं त्यांनी विचारलं नाही. ती काय काम करते हे त्यांनी आजवर कधीच विचारलं नव्हतं. लोखंडाच्या हापिसात आहे, असं ते लोकांना सांगत.

दुसऱ्या दिवशी तिने तिसरा तुकडा उभा कापला, काचेसारखा घासून चकचकीत केला आणि लेपाच्या पोटात डोकावली. पृष्ठभागाच्या अगदी खाली, त्याला समांतर, केसासारख्या चिरा धावत होत्या. काही एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या. ठोके खाऊन खाऊन वरचा थर इतका कडक झाला होता की त्याला वाकणंच उरलं नव्हतं, आणि तो अख्खा सुटायला निघाला होता. मग दुसरा तुकडा कापला. तिथे चीर नव्हती, पण दाबलेला थर पातळ होता, आणि मध्ये मध्ये पट्टे कोरेच राहिले होते. हातोडा घाईत फिरला होता. ती लेसरवालीला घेऊन पुढेकायच्या खोलीत गेली आणि दोन्ही चित्रं त्याच्यापुढे ठेवली. "तीन फेऱ्या म्हणजे अति झालं. एक फेरी म्हणजे अर्धवट झालं. मला एकच फेरी हवी आहे, पण सावकाश, पट्ट्याला पट्टा लावून, आणि जोर कमी." त्याने चिरा बराच वेळ बघितल्या. "आणि तरी झिजलं तर?" "तर सही करेन. खाली लिहीन की माझा अंदाज चुकला." "आठवडाअखेर आलाच, मॅडम. पंपवाले मला फाडून खातील." "त्यांना सांगा बाई अडून बसल्यात," लेसरवाली म्हणाली. पुढेकाय हसला नाही, पण हातोडाही दुसऱ्या विभागाला पाठवला नाही. "उरलेले तुकडे वापरा. नवे मिळणार नाहीत. पुढे काय ते मला लवकर कळवा."

यंत्र सुरू झालं आणि तिचं मन थाऱ्यावर राहीना. आपण बरोबर ठरावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी, तितक्याच जोराने, काय होतंय ते फक्त कळावं असंही वाटत होतं, मग निकाल कुठल्याही बाजूने लागो. या दोन इच्छा वेगळ्या आहेत हे तिला आत्ताच दिसत होतं. पहिलीमुळे ती सारखी घड्याळ बघायची. दुसरीमुळे ती दर थोड्या वेळाने उठून भुकटी झाडायला जायची. बसल्या बसल्या तिला माणसं आठवत, ज्यांच्यावर फार ठोके पडले: एक मावशी, जिला आयुष्याने इतकं बडवलं की ती कणखर म्हणून नावाजली गेली आणि मग एका क्षुल्लक बोलण्यावरून सगळ्यांपासून सुटून निघाली, ती परत कुणाच्या दारात आली नाही. पण लगेच तिला स्वतःचाच राग यायचा. मावशी म्हणजे काही दांडा नव्हे. मावशीला चार मुलं होती, तिला गाणी यायची. धातूवरून माणसं ओळखायची ही सवय वाईट. तिने ती मनातून झटकली आणि पुन्हा काचेला डोळा लावला. धूळ. बारीक, सारखी धूळ. खपली कुठेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यंत्र थांबल्यावर तुकडा तोलताना लेसरवालीने डोळे मिटून घेतले होते. झीज नुसत्या लेपाच्या निम्म्याहूनही कमी भरली. तिने काटा तपासला, या वेळी उलट्या भीतीने. मग शेजारच्या टेबलावरच्या काट्यावर तोलला. पुढेकाय आला, त्याने झिजेचा आणि कडकपणाचा आकडा पाहिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वाक्य पूर्ण होऊन तिथेच थांबलं. "हा त्या तिसऱ्यापेक्षा मऊ आहे, तरी कमी झिजतो." "हो." "का?" ती म्हणाली, "थोडं कळलंय. सगळं नाही."

पंपवाल्यांनी एक दांडा पाठवला, खरा, माणसाच्या उंचीचा. जाड लेपाचा दुसरा त्यांनी आधीच बसवला होता. हा शेजारच्या पंपात बसणार होता, आणि कोण किती टिकतो हे नदीच ठरवणार होती. ज्या दिवशी तो ठोकायचा होता त्याच दिवशी वडिलांची कानाच्या डॉक्टरांकडे वेळ होती. डॉक्टरांनी तपासून मान हलवली, यंत्र लावून बघू म्हणाले, वडिलांनी नको म्हणून हात उडवला, आणि दोघं बाहेर आली तेव्हा त्यांना घरी पोचवून परत यायला वेळ उरला नव्हता. म्हणून ती त्यांना घेऊनच प्रयोगशाळेत आली. लेसरवालीने त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. यंत्रात आडवा धरलेला दांडा सावकाश फिरत होता आणि त्याच्यावर हातोड्याची गोळी टेकलेली होती. गोळीच्या मागे लेपावर एक बारीक, निवांत चकाकी उमटत चालली होती. बाकी हालचाल काहीच नाही. वडील वाकून बघत राहिले.

"हे काय करतंय?" त्यांनी विचारलं. सगळी खोली दचकली, इतक्या मोठ्याने.

"मठारतंय," ती ओरडली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोळीकडे. "हातोडा वर तर येत नाही." तिने त्यांचा हात घेतला, तळवा उघडला आणि त्यावर आपलं बोट टेकवून शक्य तितक्या वेगाने थरथरवलं. मग हाताने सांगितलं, याहून जास्त, खूप जास्त. त्यांच्या तळव्याची कातडी घट्ट होती, तिच्या बोटाला गार लागली. ते विचारात पडले. आपलं कानांचं दुखणं त्यांना आठवलं असावं, कारण ते जरा मागे सरले. "मग आवाज केवढा होत असेल. तुझ्या कानाला काही लावलेलं नाहीस."

"नाही येत आवाज, बाबा. माणसाला ऐकू येणार नाही इतका बारीक असतो," ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली.

"म्हणजे तुला येत नाही?"

"नाही."

"हिला?" त्यांनी लेसरवालीकडे हनुवटी केली. लेसरवालीने मान हलवली. वडिलांनी खोलीतल्या सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, पुढेकायवरसुद्धा, जो दारात येऊन उभा होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मिस्कील समाधान पसरत गेलं. ते दांड्याजवळ परत गेले. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, बहुधा स्वतःला ऐकू येत नाही हे विसरून, किंवा पहिल्यांदाच ते मनावर न घेता, "मग नीट पडतोय की नाही हे कळतं कशावरून?"

ती म्हणाली, "नंतर कापून बघावं लागतं. आत."

हे त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग तिने बोट केलं त्या दिशेला, खिडकीशी ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाकडे. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला, आणि खुर्ची स्वतःच ओढत तिकडे निघाले.

"दाखव," ते म्हणाले.